टबातली पानवेल

पानवेल पिवळी पडायला लागली तेव्हा मी पहिला संशय कारखान्यांवर घेतला. दुसरा संशय घ्यायची मला गरजच वाटली नाही.

बोईसरला राहून आणि प्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचं काम करून माणसाचं असं होतं. घसा धरला, कारखाना. दोरीवरचा कपडा विटला, कारखाना. खाडीत मासळी कमी मिळाली, कारखाना. पुष्कळदा ते खरंही निघतं आणि तिथेच घोळ होतो. दहादा खरं निघालेलं माणूस अकराव्यांदा तपासून बघत नाही. मी बघितलं नाही. त्यात एक वेल मेली. ती कशी मेली ते मी इथे लिहिते आहे, कारण जिथे लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, मोरी आणि चार कपडे वाळत पडतील एवढी गॅलरी. गॅलरी उत्तरेला आहे आणि समोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे ऊन म्हणून येत नाही. याच एका गुणावर आईने वेल माझ्याकडे दिली होती. ती स्वतः पालघरला मामाकडे राहते. मामाच्या घराला दुपारनंतर असं ऊन लागतं की खिडकीचे पडदेही पांढरे पडलेत. पानवेलीला सावली लागते, गारवा लागतो. "तुज्याकडे अंधार हाय," आई म्हणाली, "तितं जगंल." माझ्या खोलीचं आजवर कुणी केलेलं हे एवढंच कौतुक.

वेल वडिलांच्या वाडीतली. माकुणसारच्या बाजूला आमची पानवेलीची वाडी होती. रेताड जमीन, ओळीने लावलेले पांगारे आणि शेवगे, त्यांच्यावर चढवलेल्या वेली आणि मधून पाण्याचे पाट. विड्याची पानं खुडून, मोजून, ओल्या गोणपाटात बांधून पाठवायची, हे वडिलांचं आयुष्यभराचं काम. वडील गेले आणि वर्षाच्या आत काकांनी त्या जागेवर समुद्र बघायला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधायला घेतल्या. जमीन काकांच्याही नावावर होती. मी भांडले. काही झालं नाही. पांगारे तोडायला माणसं आली त्या सकाळी आई वाडीत गेली, एका वेलीचा हातभर शेंडा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बाहेर आली. रंगाच्या रिकाम्या बादलीच्या बुडाला तापलेल्या सळईने भोकं पाडून तिने तो त्यात लावला. वडिलांचे कपडे तोवर वाटून झाले होते. सायकल मामाने कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यांच्या हातचं, अजून वाढणारं असं एवढंच उरलं होतं.

बादली माझ्या गॅलरीत ठेवून आई म्हणाली, "ही गेली तर मग माज्याकडे त्यांचं काय नाय. ध्यानात ठेव."

मी म्हटलं, ठेवते. तेव्हा वेल माझ्या खांद्यापर्यंत आली होती. एका उन्हाळ्यात ती गॅलरीच्या गजांवरून वरच्या दोरीपर्यंत पोचली.

आता हेही सांगायला हवं, की पानवेलीच्या घरात जन्मून मला वेलीतलं काही कसं कळत नव्हतं. पानवेलीच्या वाडीत चपला घालून जायचं नाही, हे आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी कळतं. दुसरा नियम मुलींना मागाहून कळतो. पाळी आली की चार दिवस वेलीत पाय ठेवायचा नाही, वेल कोमेजते. मी चौदाची होते. वडिलांनी मला तोंडाने कधी सांगितलं नाही. त्यांनी आईला सांगितलं, आईने मला. मी म्हटलं, चार दिवस नाही ना, मग उरलेले सव्वीस दिवसही नाही. आणि खरंच गेले नाही. ते माझं पहिलं आंदोलन. कॉलेजला जाईपर्यंत मी ते चालवलं. वडील सकाळी वेलीत शिरायचे, मी ओट्यावर पुस्तक घेऊन पाठ करून बसायचे. त्यांना कळत होतं. ते काही बोलले नाहीत, नियमही मागे घेतला नाही.

तो नियम चूक होता. आजही मी तो कुणाच्याही तोंडावर चूक म्हणेन. पण पाट कधी सोडायचा, कधी तोडायचा, माती हाताला कशी लागली की पुरे म्हणायचं, हे ज्या वर्षांत बघून कळलं असतं ती वर्षं मी भिंतीकडे तोंड करून घालवली.

तर बोईसर. माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहते. पॅकिंगच्या कंपनीत कामाला आहे, उत्तरेकडची. एक दिवस ती निळा युनिफॉर्म हातात धरूनच वर आली. त्यावर मातकट पाण्याचे ओघळ.

"दीदी, आपका पेड़ नहाता है और कपड़ा मेरा धुलता है," ती म्हणाली. "सुपरवायझर पूछता है, नाली में सोती हो क्या."

मी माफी मागितली. त्याच संध्याकाळी बाजारातून एक खोलगट निळा टब आणला आणि बादली त्यात बसवली. टबाला बुडाला एकही भोक नव्हतं. खाली पाणी गळायचं थांबलं. ती बाई मला भेटली की हसायला लागली. वर काय चाललंय ते मी वाकून बघितलं नाही.

त्याच सुमारास आमच्या संघटनेकडे एका पाड्यावरच्या विहिरीचं प्रकरण आलं. पाणी पिवळट, वर तवंग आणि तोंडात घेतलं की जीभ चरचरते. आम्ही तिथून बाटल्या भरून आणल्या, काही तपासायला दिल्या, काही पुरावा म्हणून ठेवल्या. संघटनेच्या खोलीत जागा नाही, म्हणून त्या माझ्या गॅलरीत. एका रविवारी नळाला पाणी आलं नाही. वेल आदल्या दिवसापासून कोरडी आहे असं मला वाटलं. तशी ती नव्हतीच, हे आता कळतं. मी त्या बाटल्यांतल्या दोन वेलीला घातल्या. आठवड्याभरात खालचं पान पिवळं पडलं. मग दुसरं, तिसरं.

मला क्षणभरही शंका आली नाही. उलट एक वाईट आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. पाड्यावरच्या बाया सांगून थकल्या होत्या, कुणी ऐकत नव्हतं, आणि इथे माझ्या घरात ते पाणी डोळ्यांसमोर काम करत होतं.

आमच्याकडे एक दादा आहेत. वयाने मोठे, संघटना त्यांनी उभी केलेली. पत्रक कसं लिहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. पहिल्या ओळीत आरोप. दुसऱ्या ओळीत माणूस. तिसऱ्या ओळीत मागणी. आणि 'कदाचित' हा शब्द पत्रकात घालायचा नाही, तो समोरच्याच्या वकिलाला ठेवायचा. मी त्यांना मोबाईलवर वेलीचा फोटो दाखवला.

"हे तर भाषणापेक्षा भारी आहे," दादा म्हणाले.

"तपासणीचा अहवाल यायचा आहे अजून."

"अहवाल येईल तेव्हा येईल. वेल आज पिवळी आहे ना? मग आज लिही."

मी लिहिलं, 'या पाण्याने वेल मरते आहे.' दादांनी 'मरते आहे' खोडून 'मेली' केलं. मी म्हटलं, मेली नाहीये हो. ते म्हणाले, "मरते आहे म्हटलं की वाचणारा म्हणतो, बघू जगते का. ढिलं वाक्य आहे." मला ते पटलं. खोटं होतं म्हणून खटकलं नाही, घट्ट होतं म्हणून आवडलं. तर माझ्या वडिलांची वेल आधी छापून मेली आणि नंतर खरी मेली. खाली पाड्याचा उल्लेख, मागणी, आणि वर मोठा फोटो: रंगाची बादली, पिवळी पानं, निळा टब. कारण काय ते फोटोतच होतं, कुणालाही दिसलं असतं. आम्ही ते बोईसरभर वाटलं.

एवढं करून मी वेल वाचवायला लागले. हा भाग लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी ठरवलं की विष धुऊन काढायचं. म्हणून पिण्याच्या पाण्याचा जार वेलीसाठी लावला. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. पानं माना टाकायची, मला वाटायचं तहान. मी आणखी घालायचे. घातलं की मला बरं वाटायचं, काहीतरी केल्यासारखं. टब भरायचा, मी म्हणायचे, बघा किती घाण निघतेय. मातीला वास यायला लागला, गटारासारखा आणि जरा गोडसर. बोईसरमध्ये वासाचं कुणी मनावर घेत नाही. घेतलं तर कशाचा असेल हे आधीच ठरलेलं असतं.

आईचा फोन दर दोन दिवसांनी यायचा.

"वेल कशी हाय?"

"मस्त."

"नवीन पान?"

"दोन आली."

"रंग?"

"हिरवा, आणखी कसला."

"हिरवा तर सगळाच असतो. पोपटी का काळपट?"

"पोपटी," मी सांगितलं. एका बाजूला पत्रकात मेली आणि दुसऱ्या बाजूला फोनवर पोपटी. मधली, खरी वेल माझ्यासमोर उभी होती, आणि तिच्याबद्दल मी कुणालाच काही सांगत नव्हते.

पत्रक आईपर्यंत मोबाईलवरून पोचलं. मामाच्या शेजाऱ्यांना कुणीतरी पाठवलेलं. त्यांनी कौतुकाने दाखवलं, तुमच्या मुलीच्या संघटनेचं बघा. आईला अक्षरं वाचायच्या आधी बादली दिसली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, न कळवता. पाणी प्यायली नाही. गॅलरीच्या उंबऱ्याशी तिने चपला काढल्या. घरात ती चपला घालूनच आली होती, हे माझ्या लक्षात आलं. मग आत पाय ठेवून वेलीकडे बघत उभी राहिली. हात लावला नाही.

"मेली म्हणून छापलंस. मला पोपटी सांगितलंस," ती म्हणाली. "आता मी कुणाचं ऐकू?"

मी विहिरीचं सांगायला लागले. तवंग, चरचर, बाटल्या. तिने ऐकून घेतलं आणि मग खाली बसून बादली उचलायला गेली. बादली हलेना. तिने टबात बोटं घातली, बाहेर काढून बघितली. डासांच्या अळ्या.

"ह्याच्यात मासळी सोडलीस तर खाडीवर जायला नको," ती म्हणाली. "किती घातलंस ते विहिरीचं?"

"दोन बाटल्या."

"आणि हे?"

"जारचं आहे. चांगलं पाणी आहे ते, विकतचं. विष धुवायला. रोज दोनदा."

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले असतील."

"मग विषाला तू टाईम तरी कुठं दिलास," आई म्हणाली.

मला ते लागलं, म्हणून मी वाद घातला. पानं माना टाकत होती, मी काय करायला हवं होतं, कोरडी ठेवायची होती का. आईने एक पान बोटांवर घेतलं. "मुळं कुजली की वेलीला पाणी वर नेता येत नाय. वरून तहानल्यावानी दिसते आणि खाली बुडालेली असते. बोट घालून बघायचं मातीत. बोट हाय ना तुला? का तेपण पत्रकं वाटायलाच?"

आम्ही दोघींनी बादली टबातून काढली आणि मोरीत आडवी केली. माती निघाली ती चिखलाचा गोळा होऊन. मुळं काळी होती. आईने एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरलं. वास खोलीभर झाला. मी दार उघडलं. आईने नाकाला पदरही लावला नाही.

माझी भाजी चिरायची सुरी तिने गॅसवर धरली, पुसली आणि वेल बुडापासून कापायला सुरुवात केली. एक काप, मग कापलेला भाग उजेडाकडे धरून बघायचा. आत तपकिरी वर्तुळ. वर सरकायचं, पुन्हा काप. पुन्हा वर्तुळ. वेल चार-पाच हात वाढली होती. आई कापत गेली आणि मोरीत तुकडे पडत गेले. हातभर गेली, दोन हात गेली, तरी आत तपकिरी. मी मधे म्हटलं, आता पुरे ना. ती म्हणाली, "मी काय हौसेने कापते काय." शेवटी वरच्या टोकाला, जेमतेम दोन वीत उरली तेव्हा, काप हिरवा आला. आई तो बराच वेळ बघत राहिली. तिला तो पूर्ण पसंत नव्हता, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

तिने त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला दोन-तीन पेरं ठेवून. पानं अर्धी कापली, म्हणजे तुकड्याला ओझं होऊ नये. मग मला वाळू आणायला धाडलं. गल्लीच्या तोंडाशी बांधकाम चाललंय, तिथून मी पिशवीभर मागून आणली. आईने चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली. बोईसरच्या रस्त्यावरची वाळू. मी ओरडणारच होते.

"खारट नाय," ती म्हणाली आणि थुंकली. "चालंल. धू तीन पाण्यांनी."

मी वाळू धुताना तिला विचारलं, तुला हे सगळं कुणी शिकवलं. वेलीचं काम तर वडीलच करायचे. आणि तुलाही चार दिवस आत येऊ देत नव्हते.

"काम नाय करायचं चार दिवस. बघायला कोण अडवतं? मी बांधावर बसून बघायची. तुज्या बापाला वाटे, आराम करते."

"मला राग होता, आई."

"होता तर होता. राग हाय म्हणून पाठ करून बसायचं? समोर तोंड करून पण राग येतो की." मग एका तुकड्याचा देठ पुसत ती म्हणाली, "मी त्या दिवसांत पण गेलेय आत. हे बाजारात गेले की. पानं खुडलीत, वेली बांधल्यात. एक वेल कोमेजली नाय."

मी वाळूचं घमेलं खाली ठेवलं. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगून? तू पत्रक काढलं असतंस."

ती हसली. मला हसू आलं नाही. तिने एवढं एक वाक्य मला चौदाव्या वर्षी सांगितलं असतं तर मी आत गेले असते, चोरून का होईना, तिच्या मागोमाग. असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मला काय माहीत तू एवढी लांबवशील. मला वाटलं, आठवडाभर रुसंल." चूक नियमाची होती, गप्प बसण्याची तिची होती, आणि पाठ फिरवण्याची माझी. यातलं कुणाचं किती, हे ठरवायला आता वाडी नाही आणि वडीलही नाहीत.

दोन तुकडे तिने बादलीत लावले. भोकं सळईने पुन्हा मोकळी केली. टब गॅलरीतून उचलून मोरीत ठेवला. खाली त्या बाईला स्वतः जाऊन सांगून आली, मोडक्यातोडक्या हिंदीत, की थोडे दिवस कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घाल. तिसरा तुकडा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"हा मी नेते. मामाच्या न्हाणीची खिडकी हाय, तितं ऊन नाय लागत."

म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. तो तिने न बोलता पिशवीत भरून नेला. तिला अडवावं असं मी काही केलं नव्हतं.

जाताना म्हणाली, "मी सांगेन तवर पाणी घालायचं नाय. वाळू ओली हाय, तेवढी बास. रोज बोट घाल, आणि घालून गप बस."

दुसऱ्या दिवशी मी दादांकडे गेले. सांगितलं, पत्रक चुकीचं आहे. वेल पाण्यात बुडवून मी मारली.

"विहिरीचं पाणी चांगलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चुकलं काय?"

"वेल."

"वेल उदाहरण होतं. पाड्यावरची माणसं उदाहरण नाहीत. उद्या तू दुरुस्ती छापलीस की समोरचे म्हणतील, यांचं सगळंच असलं. विहीरही बुडेल तुझ्या त्या टबात."

त्यांचं बरोबर होतं. तरी मी चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत आरोप, माझ्यावरच. कागद संघटनेच्या खोलीत टेबलावर दोन दिवस होता, मग त्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला, मग तो दिसला नाही. मी पुन्हा लिहिला नाही. हट्ट धरणं हेच माझं काम, आणि या बाबतीत मी तो धरला नाही.

पाड्यावर गेले तर हंडा भरणारी एक बाई मला म्हणाली, "ताई, ती तुमची वेल जगली का वं? आमच्या पाण्यानं मेली म्हणतात, वाईट वाटलं." तिने माझी माफी मागितल्यासारखं म्हटलं ते. ज्या पाण्यापायी तिची पोरं अंग खाजवत होती, त्या पाण्यासाठी. मी म्हटलं, बघू. हंडा तिने डोक्यावर घेतला आणि घरी नेला. अहवाल अजून आलेला नाही.

घरी मी रोज सकाळी वाळूत बोट घालायचे. ओलसर. मग करायला काही नसायचं. मला हे येत नाही. मला घोषणा येते, निवेदन येतं, ठिय्या येतो, चार तास उन्हात रस्त्यावर बसता येतं. वेलीसमोर हात आवरून बसणं मला त्या उन्हापेक्षा जड गेलं. दोनदा तांब्या भरून गॅलरीपर्यंत नेला आणि मोरीत ओतला.

सहाव्या दिवशी एका तुकड्याचं खालचं पेर काळं झालं. मी सुरी गॅसवर धरली, आईसारखी, आणि वर कापलं. आत तपकिरी वर्तुळ. आणखी वर कापलं, तिथेही तेच. हातात शेंड्याचं बोटभर उरलं, तेही मऊ होतं. दुसरा तुकडा उभा राहिला. अर्धं कापलेलं पान त्याने ताठ धरलं होतं आणि देठ हिरवा होता. मी कामावरून आले की आधी गॅलरीत जायचे.

"कसे हायत?" आईचा फोन.

"आहेत," मी म्हणायचे. एक गेला, हे सांगितलं नाही. "तुझा?"

"हाय."

दोघींचं बोलणं एवढंच. मग ती मामीच्या गुडघ्याचं सांगायची आणि मी मोर्चाचं.

दुसऱ्या तुकड्याने आणखी आठवडा काढला. मग एका सकाळी पान हाताला लागताच गळून आलं. देठ दाबला तर आत पोकळ. मी वाळू बाजूला केली. एकही मूळ फुटलेलं नव्हतं. तो तितके दिवस जगत नव्हता, नुसता हिरवा होता.

दोन दिवस मी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मीच केला.

"आई, माझ्याकडचे दोन्ही गेले."

"कदी?"

"एक सहाव्या दिवशीच. दुसरा परवा."

"आणि मला 'आहेत' सांगत होतीस."

"हो."

पलीकडे मामाच्या घरातला टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा शिव्या घालेल. मी दोन्हीला तयार होते.

"माजा चौथ्या दिवशीच गेला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "तू तर 'हाय' म्हणायचीस."

"तुजे जगतील वाटलं. माजा गेला सांगितलं असतं तर तू घाबरून पुन्हा पाणी घालायला लागली असतीस."

म्हणजे तिने सगळं बरोबर केलं होतं. बोट घातलं होतं, खिडकी निवडली होती, वेलीबद्दल जे कळायचं ते तिला कळत होतं, आणि तरीही तिचा तुकडा माझ्या आधी गेला. कूज टोकापर्यंत आधीच पोचली होती. त्या दिवशी हिरवा काप उजेडाकडे धरून ती एवढा वेळ का बघत होती, ते मला आता कळलं. तिने तेव्हाच पाहिलं होतं, आणि तरीही बसून तीन तुकडे केले होते.

"दुसऱ्या कुणाच्या वाडीतून आणू का?" मी विचारलं. "माकुणसारला अजून कुणाकडे असतील."

"असतील. आण हवी तर. मला नको."

मी विचारलं, वाळलेले देठ आहेत, त्यांचं काय करू. कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात होत नाही.

"वाडीत टाकायला सांगितले असते," ती म्हणाली, "पण तितं आता फरशी हाय."

मग फोन दोघींपैकी कुणी ठेवत नव्हतं. टीव्हीचा बारीक आवाज मला ऐकू येत होता, आणि माझ्या रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरचा आवाज तिला येत असणार.